बोरकरांची कविता आणि बोरकरी कविता

फोंड्याच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे. बा. भ. बोरकरांच्या जयंतीच्या पत्रिकेसाठी त्यांनी ‘बोरकरी कवितांचे गायन’ असे लिहून दिले. मुख्याध्यापकांनी ते खोडून ‘बोरकरांच्या कवितांचे गायन’ केले आणि बाजूला ‘आडनावाला ई लावून विशेषण होत नाही’ असा शेरा मारला. बाईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बरोबर कोण? ‘शिंदेशाही पगडी’तला ‘शाही’ हा याच जातीचा का? आणि ‘बोरकरी’ चालत असेल तर गायिका मोगूबाई कुर्डीकरांवरून ‘कुर्डीकरी गायकी’ किंवा संमोहनाचे प्रयोग करणाऱ्या आबे फारियाच्या नावाचे एखादे विशेषण कधी वाचनात कसे येत नाही?

पणजीत दैनिकांची आणि पुस्तकांची मुद्रिते तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे असले तंटे माझ्या टेबलावर नेहमीचेच. पहिल्या प्रश्नाचा निकाल आधीच देऊन टाकतो. मुख्याध्यापकांनी केलेला बदल बरोबर आहे, पण शेरा साफ चूक आहे.

मुले जर बोरकरांनीच लिहिलेल्या कविता गाणार असतील, तर तिथे ‘बोरकरांच्या’ हेच हवे. ‘-चा, -ची, -चे’ हा प्रत्यय मालकी सांगतो: कविता कुणाची, वाडा कुणाचा, भाट (म्हणजे बागायत) कुणाचे. ‘बोरकरी’ मालकीबद्दल काहीच बोलत नाही. नाद, लय, माडांची आणि पाण्याची ओढ, देहाचा उत्सव आणि त्याला लागून येणारा भक्तीचा सूर, असे जे एक रसायन त्या कवितेत आहे, त्याचे ते नाव. समजा तुमच्या नववीच्या मुलांनी स्वतः पावसावर कविता केल्या आणि त्यांना तो सूर सापडला, तर त्या कविता मुलांच्या असूनही बोरकरी ठरतील.

मी नव्या उपसंपादकांना यासाठी एक सोपी चाचणी सांगत असे. ‘बोरकरांची ही कविता तितकीशी बोरकरी नाही’ हे वाक्य वाचा. कुणालाही ते खटकत नाही, उलट समीक्षेतले बरे वाक्य वाटते. ‘ही कविता अगदी बोरकरी आहे, पण ती बोरकरांची नाही’ हेही चालते. आता दोन्ही जागी ‘बोरकरांची’ घाला. ‘बोरकरांची ही कविता बोरकरांची नाही’ म्हटले की अर्थ कोसळतो, किंवा वाङ्मयचौर्याची बातमी होते. मालकी असते किंवा नसते. गुण मात्र थोडा, बराच, अगदी असा मोजता येतो. म्हणून ‘अगदी’, ‘फारच’, ‘तितकेसे’ यांपैकी एखादा शब्द आधी लावून पाहायचा. गुणाच्या अर्थाने तो चपखल बसला तर ते विशेषण.

रूपातही फरक आहेच. ‘बोरकरांचा शब्द, बोरकरांची ओळ, बोरकरांचे वळण’ असे ‘-चा’ला लिंगाप्रमाणे फिरावे लागते. ‘बोरकरी’ फिरत नाही: बोरकरी शब्द, बोरकरी ओळ, बोरकरी वळण, बोरकरी वळणात. शेवटची ‘री’ दीर्घ. मुद्रितात ‘बोरकरि’ आले की ती संस्कृताच्या धाकाने झालेली चूक समजावी.

आता गोव्याच्या माणसाला इथे एक गंमत दिसायला हवी, आणि ती मुख्याध्यापकांच्या नजरेतून निसटली आहे. ‘बोरकर’ हे आडनाव मुळात विशेषणच आहे. जुवारीच्या काठची बोरी हे गाव, तिथला तो बोरकर. केरीचा केरकर, शिरोड्याचा शिरोडकर, नार्व्याचा नार्वेकर, बांदोड्याचा बांदोडकर, लोटलीचा लोटलीकर, कुंकळ्ळीचा कुंकळ्येकर. मंगेशीचा मंगेशकर तर उभ्या भारताला ठाऊक. कोकणीत हाच प्रत्यय ‘कार’ असा उच्चारतात: मडगांवकार, म्हापशेंकार. माणूस गावात असेपर्यंत या शब्दाचा काही उपयोग नसतो, कारण बोरीत सगळेच बोरीचे. गाव सुटले, दुसऱ्या मुलखात कुणी ‘कुठचे?’ म्हणून विचारले, की मग तो बोरकर होतो. म्हणजे ‘बोरकरी’ या शब्दात दोन मजले आहेत: बोरी या गावावरून बोरकर, आणि बोरकरवरून बोरकरी. पहिल्या मजल्यावर गाव होते, दुसऱ्यावर ते पुसले गेले. ‘बोरकरी कविता’ म्हणताना बोरी गावाचा विचार कुणाच्या मनात येत नाही, इतकेच काय, बोरकर आडनावाच्या बाकीच्या शेकडो घरांचाही येत नाही. उरतो तो एकटा कवी.

हीच चढण इतरत्र दिसते. साताऱ्याकडचे मर्ढे, मर्ढेकर, मर्ढेकरी. रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, त्यावरून आंबेडकर, आणि मग आंबेडकरी जलसे, आंबेडकरी चळवळ, आंबेडकरी साहित्य. ‘-कर’ आडनावांना ‘ई’ इतकी सहज का चिकटते याचेही कारण आहे. मराठीच्या कानाला ‘-करी’ हा शेवट आधीपासून ओळखीचा आहे: शेतकरी, वारकरी, टाळकरी, मानकरी, पहारेकरी. त्यामुळे ‘मर्ढेकरी’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तेव्हाही तो नवा वाटला नसणार. याची दुसरी बाजू अशी की ज्या आडनावाचा शेवटच ‘-करी’ आहे तिथे गाडी अडते. राम गणेश गडकऱ्यांच्या भाषेला काय म्हणाल? ‘गडकरी भाषा’ म्हटले तर ते नुसते आडनाव वाटते, आणखी एक ‘ई’ लावायला जागा नाही. तिथे निमूटपणे ‘गडकऱ्यांची भाषा’ किंवा ‘गडकरी वळणाची भाषा’ लिहायचे. कुलकर्णी, जोशी, कोसंबी, देसाई यांचीही तीच अवस्था. शेवटी ‘ए’ असलेल्यांचे म्हणाल तर फडके, अत्रे, फुले यांना ‘ई’ सोसत नाही. तिथे मराठी ‘-वादी’, ‘-शाही’, ‘-छाप’ अशी जड शेपटे लावते. फुलेवादी चालते, ‘फुली’ म्हटले तर वेगळाच घोटाळा.

‘आंबेडकरी’ आणि ‘आंबेडकरवादी’ यांत मी फरक करतो, आणि तो छापतानाही सांभाळावा असे माझे मत आहे. ‘वादी’ म्हणजे विचार मानणारा. माणूस, पक्ष, भूमिका यांना ते लागते. ‘आंबेडकरी’ त्याहून रुंद आहे, त्यात गाणे येते, लग्नाची पद्धत येते, वस्तीतले वाचनालय येते. जलशाला ‘आंबेडकरवादी जलसा’ म्हटले तर चूक नाही, पण शब्द अंगाला बोचतो.

विशेषण कुठून कुठे झाले ती दिशा पाहणेही महत्त्वाचे. गोव्यात ‘गावकर’ आडनाव उदंड आहे आणि ‘गावकारी’ हा शब्दही रोजच्या कानावरचा. पुष्कळांना वाटते, गावकर घराण्यांवरून गावकारी पडले. झाले ते उलटे. गावची जमीन सामाईक कसणाऱ्या, बांध आणि मानशी (पाण्याची दारे) सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांच्या प्रमुखांना गावकार म्हणत आणि त्यांच्या त्या संस्थेला गावकारी. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था इतकी पक्की होती की १५२६ साली आफोंसो मेशिया याने तिच्या चालीरीती लेखी नोंदवून घेतल्या. तिलाच पुढे कोमुनिदाद म्हणू लागले. हक्काचे नाव पुढे कुळाला चिकटले आणि आडनाव झाले. ‘देशमुखी’, ‘पाटीलकी’, ‘खोती’, ‘चिटणिशी’, ‘फडणिशी’ हे सगळे त्याच माळेतले मणी: आधी हुद्दा, मग हुद्द्यावरून एकीकडे ‘-ई’चा शब्द आणि दुसरीकडे आडनाव. ‘देशमुखी थाट’ लिहिताना तुम्हाला वतनदाराचा थाट म्हणायचा असतो, शेजारच्या देशमुखांचा नव्हे. आडनावापासून झालेली विशेषणे यांच्या पंक्तीला बसवू नयेत.

आता शिंदेशाही. ‘शाह’ हा फारसी शब्द, त्याला फारसीतली संबंध दाखवणारी ‘ई’ लागून ‘शाही’. हिंदुस्तानी, इराणी, शिराझी यांतली ‘ई’ तीच. आपल्याकडे संस्कृत-प्राकृतातून आलेली ‘ई’ही होतीच. दोन्ही एकाच अर्थाच्या, एकाच आवाजाच्या, त्यामुळे ‘कोल्हापुरी’, ‘पुणेरी’, ‘बोरकरी’ यांतली ‘ई’ कुठल्या घरची हे वेगळे काढत बसण्यात हशील नाही. ‘शाही’ मात्र स्पष्ट फारसी. विजापूरच्या यूसुफ आदिलखानाच्या वंशाची ती आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही. ही नावेही मुळात किताब, पिढ्यान्‌पिढ्या चालून घराण्याची नावे झालेली. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला तो याच आदिलशाहीकडून. पणजीत मांडवीकाठी जुन्या सचिवालयाची इमारत आहे तो आदिलशहाचा वाडा. पोर्तुगीजांनी ‘आदिलखाना’चे ‘इदाल्कांव’ करून टाकले आणि वाड्यालाही तेच नाव दिले.

अठराव्या शतकात मराठी सरदारांची घराणी स्वतंत्र दरबार थाटू लागली आणि ‘शाही’ त्यांच्या आडनावांना लागली. ‘शिंदेशाही’, ‘होळकरशाही’ म्हणजे एका अर्थी त्यांची राजवट, पण पगडी आणि तोडे यांच्यापुढे तो शब्द आला की अर्थ बदलतो. ‘शिंदेशाही पगडी’ म्हणजे शिंद्यांच्या दरबारात जी तऱ्हा होती त्या तऱ्हेची पगडी. ती डोक्यावर घालणारा शिंदे असायलाच हवा असे नाही. सोनाराने ‘शिंदेशाही तोडे’ म्हटले की तो घडण सांगतो आहे, मालक नाही. बाई, तुमच्या ‘बोरकरी’शी याचे नाते इथे जुळते. दोन्ही शब्द घराण्यापासून सुटून तऱ्हेला जाऊन मिळाले. लिहिताना एवढेच पाहायचे की ‘शिंदे शाही पगडी’ असे तोडून लिहू नये. तसे लिहिले तर ती कुणा शिंद्यांची राजेशाही पगडी होते.

पुढे ‘शाही’चे आणखी एक वळण झाले. लोकशाही, नोकरशाही, झुंडशाही, हुकूमशाही यांत शाह कुठेच नाही, तिथे ‘शाही’ म्हणजे नुसती सत्ता. म्हणून विसाव्या शतकात आडनावाला ‘शाही’ लागली की वाचकाला पगडी आठवत नाही, जुलूम आठवतो. ‘सालाझारशाही’ हा शब्द गोव्याच्या मराठी लेखनात याच अर्थाने रुळला. आंतोनियु द ओलिवैरा सालाझार १९३२ ते १९६८ पोर्तुगालचा पंतप्रधान होता. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला सुटला, म्हणजे एका अख्ख्या पिढीची जवानी त्या शब्दाखाली गेली. तिथे ‘सालाझारी’ असे नुसते ‘ई’चे विशेषणही कुणी कुणी लिहिले आहे, पण ‘शाही’तला चटका त्यात उतरत नाही.

आडनावावरून होणाऱ्या विशेषणांतून भाषेला आठवण राहते ती बहुधा घराण्याच्या वाईट दिवसांची. ‘यादवी’ घ्या. यदूचे वंशज ते यादव, हे मूळचे संस्कृत विशेषण. महाभारताच्या मौसलपर्वात हे यादव आपापसांत लढून संपले. तेव्हापासून ‘यादवी युद्ध’ म्हणजे घरातलेच एकमेकांवर उठणे, आणि आता तर ‘युद्ध’ही गळून पडले: पक्षात यादवी माजली, एवढे पुरते. यदू, यादव, यादवी आणि बोरी, बोरकर, बोरकरी यांच्या पायऱ्या मोजून पाहा, सारख्याच भरतात. ‘मोगलाई’चेही तसेच. ‘इथे काय मोगलाई लागली आहे का?’ असे बाजारात ओरडणाऱ्या बाईला ताजमहालाशी काही देणेघेणे नसते. ‘तुघलकी’ तर आणखी मजेशीर. दिल्लीहून दौलताबादेला राजधानी हलवणारा, तांब्याची नाणी रुप्याच्या भावाने चालवू पाहणारा तो मुहम्मद बिन तुघलक, म्हणजे तुघलकाचा मुलगा मुहम्मद. तुघलक हे बापाचे नाव, ते घराण्याला लागले. लहरी कारभार मुलाचा आणि विशेषण बापाच्या नावाचे. बाप ग्यासुद्दीन तुघलक बिचारा कडक शिस्तीचा शासक होता, पण आज ‘तुघलकी फर्मान’ म्हटले की त्याच्याही वाट्याला तेच.

संस्कृताचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. आडनावे तेव्हा नव्हती, पण कुळावरून, पूर्वजावरून शब्द करण्याचे शास्त्र पाणिनीने पूर्ण मांडून ठेवले आहे. ‘तस्यापत्यम्’ (४.१.९२) या सूत्रापासून अपत्यार्थी प्रत्ययांचा मोठा पसारा सुरू होतो. पहिल्या स्वराची वृद्धी करून प्रत्यय लावायचा: रघूचा राघव, भृगूचा भार्गव, गर्गाचा गार्ग्य, दशरथाचा दाशरथि. आणि ‘तस्येदम्’, म्हणजे ‘त्याचे हे’, हा अर्थ त्याने वेगळ्या ठिकाणी (४.३.१२०) सांगितला. वंशज कोण आणि वस्तू कुणाची ही दोन निराळी नाती आहेत याचे त्याला पुरते भान होते. मराठी शास्त्रीय परिभाषेत आपण वापरतो तो ‘-ईय’ तिथलाच: पाणिनीय, आणि त्याच धर्तीवर यूक्लिडीय भूमिती, बूलीय बीजगणित. ‘ई’ने संपणाऱ्या आडनावांना हा उपाय चालू शकतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे आपल्या गोव्यातल्या कोसबेंचे. आनुवंशिकीत त्यांच्या नावाचे फलन आहे, १९४४ सालचे. त्याला ‘कोसंबीय फलन’ म्हणता येईल, व्याकरणाची काही हरकत नाही. पण विज्ञानात आता ‘रामन परिणाम’, ‘कोसंबी फलन’ असे नाव नुसते पुढे ठेवण्याचीच चाल पडली आहे. गांधी टोपी आणि नेहरू जाकीट याच चालीचे. ते सुटसुटीत आहे, राहू द्यावे.

आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची आडनावे पाणिनीच्या पठडीत चपखल बसतात हे फार थोड्यांच्या लक्षात येते. फर्नांडिस म्हणजे फेर्नांदोचा वंशज, रॉड्रिग्स म्हणजे रोद्रिगोचा, गोन्साल्विस गोन्सालोचा, नुनिश नुनोचा, आल्वारिस आल्वारोचा. शेवटचा ‘-एश’ हा जुन्या इबेरियन भाषांतला ‘अमक्याचा मुलगा’ सांगणारा प्रत्यय. बाप्तिस्म्याच्या वेळी ही नावे सोळाव्या-सतराव्या शतकात इथल्या कुटुंबांना मिळाली, त्यामुळे गोव्यातल्या रॉड्रिग्सांच्या वंशात रोद्रिगो शोधायला जाऊ नये. हिंदूंच्या आडनावांनाही पोर्तुगीज दप्तरात नवी वेषभूषा मिळाली. जुन्या जमिनीच्या कागदांत कामतांचे ‘कामोतीं’, प्रभूंचे ‘पोरोबो’, शेणव्यांचे ‘सिनाय’ झालेले दिसते. कुळाचा इतिहास लिहिणारे नवशिके ‘पोरोबो’ हे पोर्तुगीज आडनाव समजून बसतात, म्हणून सांगितले.

पोर्तुगीज भाषेत आडनावापासून विशेषणे करण्याचे तीन-चार प्रत्यय आहेत आणि कुणाला कोणता लावायचा यात कळत-नकळत मत उमटते. कवी कामोंइश याचे ‘कामोनियानु’, साहित्यिकाला शोभणारे. सालाझारचे ‘सालाझारिश्ता’, म्हणजे अनुयायी, आपल्या ‘वादी’सारखे. त्याचेच ‘सालाझारेंतु’ म्हटले की शिवी. जुन्या गोव्यातल्या रोझारी मातेच्या चर्चच्या शैलीला ‘मानुएलिनु’ म्हणतात ते राजा मानुएलवरून, म्हणजे पाळण्यातल्या नावावरून. ‘पोंबालिनु’ या शब्दाने मात्र मला कायम हसू येते. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभारणारा मंत्री, त्याचे आडनाव कार्वाल्यु इ मेलु. पोंबालचा मार्केस हा किताब त्याला मिळाला १७६९ साली. म्हणजे ज्या घरांना आज पोंबालिनु म्हणतात त्यांतली कित्येक उभी राहिली तेव्हा ‘पोंबाल’ हे नाव त्याला लागलेलेच नव्हते. विशेषण मागाहून येते आणि मागच्यावरही हक्क सांगते.

‘-चा’ आणि ‘-ई’ यांचा भेद आणखी एका ठिकाणी स्पष्ट दिसतो, तो वनस्पतींच्या लॅटिन नावांत. वॉलिच हा कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख. त्याच्या नावाने ‘शिमा वालिची’ हा वृक्ष आहे, आणि हिमालयातला निळा पाइन ‘पायनस वालिचियाना’. पहिल्यातली ‘-ई’ लॅटिनमधली षष्ठी, ‘वॉलिचचा’. दुसऱ्यातले ‘-आना’ हे विशेषण, झाडाच्या लिंगाप्रमाणे फिरणारे. ज्याने झाड शोधले त्याला षष्ठी आणि ज्याचा नुसता मान राखायचा त्याला विशेषण, असा एक संकेत जुन्या मंडळींत होता. तो काटेकोर कुणी पाळला नाही. गंमत अशी की आपल्याकडे ‘ई’ विशेषणाची, तिकडे ‘ई’ मालकीची. आपल्या परसातल्या भिरंडीचे, म्हणजे कोकमाचे, नाव ‘गार्सिनिया इंडिका’. गोव्यातला सुशिक्षित माणूस हे ऐकले की ठामपणे सांगतो, हे आमच्या गार्सिया द ओर्तावरून, कारण त्याने १५६३ साली इथेच औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला. ते खरे नाही. हे नाव लॉरेंट गार्सिन या निसर्गअभ्यासकाच्या आडनावावरून लिनियसने दिले. शिवाय ओर्ताचे आडनाव ओर्ता, गार्सिया हे त्याचे पाळण्यातले नाव.

तर आता तिसरा प्रश्न. फारियाचे विशेषण का नाही? कांदोळीला १७५६ साली जन्मलेल्या जुझे कुश्तोदियु द फारियाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि सांगितले की चुंबकीय द्रव वगैरे काही नसते, जे घडते ते निजणाऱ्याच्या मनात. त्याच्या आधीचा मेस्मर चुंबकीय द्रवाचे सांगत होता. विज्ञानाने पुढे फारियाच्या बाजूने कौल दिला, पण मेस्मरच्या आडनावाचा ‘मेस्मेरिझम’ जगभर गेला, मराठीतही आला. शब्द आधी रुजला की पुराव्याने तो उपटता येत नाही. त्यात मराठीची अडचण वेगळी. ‘फारिया’ ‘आ’ने संपते, शिवाय त्यात ‘या’ आहे. ‘फारियाई’, ‘फारियी’, ‘फारियीय’, कसेही करा, जीभ अडखळते. पणजीत आदिलशहाच्या वाड्याशेजारी त्याचा पुतळा आहे, हात पसरून उभा. त्याच्याखाली ‘फारियाची पद्धत’ एवढेच लिहावे.

‘कुर्डीकरी’चे कारण मात्र व्याकरणात नाही. कुर्डी, कुर्डीकर, कुर्डीकरी, तीनही पायऱ्या नियमाने बरोबर. ‘केरकरी’ही बरोबर. तरी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्याबद्दल इतके लिहिले गेले, त्यात हे शब्द मला कुठे भेटले नाहीत. लोक ‘केसरबाईंची गायकी’, ‘मोगूबाईंची तान’ म्हणतात. आडनावाचे विशेषण व्हायला ते आडनाव माणसाच्या हाकेचे नाव असावे लागते. मर्ढेकर, बोरकर, आंबेडकर यांना जगाने आडनावाने ओळखले. बायकांना आपल्याकडे पहिल्या नावाने आणि पुढे ‘बाई’, ‘ताई’, ‘आई’ लावून हाक मारतात. कथा-कविता लिहिणाऱ्या बायकांचे तर लग्नाबरोबर आडनावच बदले, मग विशेषण कुठल्या आडनावाचे करणार? कलावंत घराण्यांतल्या या गायिकांनी गावाचे नाव आडनाव म्हणून लावले ते बाहेरच्या जगासाठी, मैफलीच्या जाहिरातीवर छापण्यासाठी. रसिकांच्या तोंडी त्या केसरबाई आणि मोगूबाईच राहिल्या. आणि कुर्डी गाव तर साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे, एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरले की देऊळ, पायवाटा, घरांचे चौथरे वर येतात. गावाची आठवण सांगायची तर ‘कुर्डीकर’ या आडनावालाच सांगू द्यावी, त्यावर आणखी मजला चढवू नये असे मला वाटते. पण हे माझे मत झाले, नियम नव्हे. तुमच्या एखाद्या विद्यार्थिनीने ‘कुर्डीकरी तान’ असे लिहिले तर खोडू नका, फक्त तिला त्या तानेची खूण काय ते विचारा. सांगता आले तर शब्द ठेवा.

आणि पत्रिका अजून छापखान्यात गेली नसेल तर एक सुचवतो. मुलांनी केलेल्या कवितांचा एक छोटा भाग कार्यक्रमात असेल, तर मथळे दोन करा. वर ‘बोरकरांच्या कविता’, खाली मुलांच्या कवितांसाठी ‘बोरकरी वळणाच्या कविता’. मुख्याध्यापकांचा बदलही त्यात बसतो आणि तुमचा शब्दही.